वर्गाबाहेर (भाग ४) : कापसाच्या मागावर मुंबई

गेल्या आठवड्यात आपण बाजार समितीत होतो. आता त्याच मुलांना मुंबईला नेऊ. शैक्षणिक सहल म्हटलं की राणीची बाग, गेटवे, चौपाटीवरची भेळ आणि परतताना बसमध्ये अंताक्षरी, हा ठरलेला बेत. भेळेला माझी हरकत नाही. पण अकरावी-बारावीच्या मुलांना एका दिवसात दहा ठिकाणी फिरवलं, तर त्यांच्या हाती दहा सेल्फींपलीकडे फारसं काही लागत नाही. त्यापेक्षा एक प्रश्न द्यावा आणि तीन-चार ठिकाणीच थांबावं.

खानदेश-वऱ्हाडातल्या कॉलेजांसाठी प्रश्न घरचाच आहे : आपल्याकडच्या कापसाने मुंबईत काय उलथापालथ केली?

सुरुवात फोर्टमधल्या हॉर्निमन सर्कलपासून. आज तिथे बाग आणि भोवती अर्धगोल इमारती आहेत. पूर्वी ते मोकळं मैदान होतं आणि विलायतेला जाणाऱ्या कापसाच्या गाठी तिथे रचून ठेवलेल्या असत. समोरचा टाउन हॉल १८३३चा. त्याच्या पायऱ्यांवर मुलांना बसवून पुढची गोष्ट सांगावी. १८६१मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेची बंदरं अडवली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसाला मोताद झाल्या. हिंदुस्थानी कापसाचे भाव भडकले, मुंबईत पैशांचा पूर आला. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या आणि त्यांचे शेअर घ्यायला झुंबड उडाली. १८६५मध्ये युद्ध थांबलं. कापूस कोसळला, पाठोपाठ शेअर कोसळले, काही काळाने बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. सट्टेबाजांचे राजे प्रेमचंद रायचंद यांचंही दिवाळं वाजलं. वाणिज्य शाखेच्या मुलांना तेजी-मंदीचा याहून चांगला धडा पुस्तकात सापडायचा नाही.

तिथून दलाल स्ट्रीट चालत काही मिनिटांवर. टाउन हॉलसमोरच्या वडाखाली सौदे करणाऱ्या दलालांनी पुढे १८७५मध्ये आपली संघटना बांधली, तोच आजचा मुंबई शेअर बाजार. दलालांचा आरडाओरडा १९९५मध्ये संगणक आल्यावर थांबला. आत जायचं तर आधी रीतसर पत्र पाठवावं. परवानगी नाही मिळाली तर बाहेर उभं राहूनही बरंच बोलता येतं. मात्र सहल शनिवार-रविवारी काढायची शाळांची सवय इथे उपयोगाची नाही. सुटीच्या दिवशी बाजार बंद आणि फोर्ट निम्मा ओस असतो. बुधवारी न्या, दोन तास बुडाले तर बुडू देत.

ओव्हल मैदानावरून राजाबाई टॉवर नीट दिसतो. १८७८मध्ये पूर्ण झालेल्या या मनोऱ्याला पैसा प्रेमचंदांचा आणि नाव त्यांच्या आईचं. त्याच्या दगडांत आपल्या कापसाचा वाटा किती, यावर मुलांना भांडू द्यावं. शिक्षकांनी मध्ये पडू नये.

मुलांना जमेल तेवढं कमी आयतं द्यावं. निघण्याआधी प्रत्येकाने घरी विचारून यावं, आजोबांच्या वेळी कापूस कुठे विकला जाई, गाडीभाडं कोण देई. त्या आठवड्याचा भावही वहीत लिहून आणावा. परतीच्या गाडीत आणखी एक कोडं घालता येईल. युद्ध संपलं १८६५मध्ये आणि रेल्वे नागपूरला पोचली १८६७मध्ये. मग ऐन तेजीत वऱ्हाडातला कापूस रेल्वेपर्यंत कसा यायचा, किती दिवस लागायचे आणि वाटेत पावसाने गाठलं तर नुकसान कोणाचं? उत्तरं शोधायला भुसावळपर्यंत वेळ आहे.