चकाकणारं प्रत्येक मॅग व्हील सारखं नसतं



वॉशिंग सेंटर सुरू करून सहा महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. एक गाडी आली, चारही मॅग व्हील अगदी आरशासारखे. आमच्या पोराने नेहमीच्या कॅनमधलं व्हील क्लीनर मारलं आणि फोन आला म्हणून दोन मिनिटं बाजूला गेला. परत येऊन पाणी मारलं, तर व्हीलवर दुधासारखे पांढरे डाग! क्लीनर अ‍ॅसिडचं होतं. चारही व्हील बफ करून द्यावे लागले, खर्च माझ्या खिशातून. दिवसभराचा गल्ला त्यात गेला. पोराला मी बोललो नाही. कारण व्हील आधी ओळखायचं असतं, हे मीच त्याला कधी शिकवलं नव्हतं.

तर ओळखायचं कसं? पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं मेटल पॉलिश घ्या आणि व्हीलच्या आतल्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा पण पॉलिश केलेल्या जागी, हलकंसं घासा. फडकं काळं झालं तर धातू उघडा आहे. नाही झालं तर वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लॅकर आहे. कंपनीतून येणाऱ्या बहुतेक व्हीलवर लॅकर असतो. तिथे मेटल पॉलिश घासत बसू नका, लॅकरवर बारीक ओरखडे येतात. तो रंगासारखाच सांभाळायचा: शाम्पू, पाणी, मऊ फडकं.

खरी कसरत उघड्या अ‍ॅल्युमिनियमची. हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा थर बसतो आणि चकाकी हळूहळू मंदावते. कोकणात खारी हवा असते, तिथे हे लवकर होतं. या धातूला अ‍ॅसिड चालत नाही आणि कॉस्टिकवालं कडक डिग्रीझरही चालत नाही. घरी तांब्याची भांडी चिंचेने लख्ख होतात म्हणून व्हीलवर लिंबू चोळणारे ग्राहकही मी पाहिलेत! तांब्याचा उपाय अ‍ॅल्युमिनियमला लावू नका. तारेची घासणी तर व्हीलच्या जवळही नको.

धुण्याआधी व्हीलला हात लावून बघा. गरम असेल तर थांबा. गरम व्हीलवर शाम्पू जागच्या जागी सुकतो आणि डाग धरतो. गार झाल्यावर आधी भरपूर पाणी मारा, मग पीएच न्यूट्रल शाम्पू आणि मऊ ब्रश. व्हीलची बादली आणि मिट वेगळे ठेवा. ब्रेक डस्टमध्ये लोखंडाचे कण असतात; तोच मिट बॉनेटवर फिरवलात तर नवीन भांडण विकत घेतलंत. पुढच्या व्हीलवर ही धूळ जास्त असते, तिथे वेळ द्या.

धुऊन झालं की लगेच पुसा. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी असतं. ते व्हीलवर सुकलं की क्षाराचे ठिपके राहतात, आणि मग ते काढायला पुन्हा कोणीतरी अ‍ॅसिड शोधतो.

त्यानंतर संरक्षण. मेणाची पॉलिश दिसते छान, पण ब्रेकच्या उष्णतेपुढे फार दिवस टिकत नाही. सिंथेटिक व्हील सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग जास्त चालतं. लावण्याआधी मेटल पॉलिशचा तेलकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा, नाहीतर कोटिंग धरणार नाही.

डायमंड कट व्हीलबद्दल थोडक्यात. त्यावर लॅकर असतो, पण फुटपाथला घासून तो फुटला की पाणी आत शिरतं आणि लॅकरखाली पांढऱ्या किड्यासारख्या रेषा पसरतात. त्या पॉलिशने जात नाहीत, लॅकर काढून काम करावं लागतं. ग्राहकाला हे गाडी घेतानाच दाखवा, धुतल्यानंतर नाही.

आता धंद्याचं. जॉब कार्डवर एक ओळ वाढवा: ‘व्हील – उघडं / लॅकर / डायमंड कट’. चारही व्हीलचे फोटो गाडी आत घेण्याआधी काढा. उघड्या व्हीलचं पॉलिश आणि सीलंट साध्या वॉशच्या रेटमध्ये देऊ नका, वेगळा रेट लावा. चार व्हीलला माणूस किती वेळ अडकतो ते एकदा घड्याळ लावून मोजा आणि त्यावरून रेट ठरवा. अ‍ॅसिडचा कॅन दुकानात ठेवायचाच असेल, तर कुलपात ठेवा आणि चावी तुमच्याकडे ठेवा. माझी आजही माझ्याच खिशात असते.