द्राक्षाला अढी नसते

हापूस थोडा कच्चा उतरवला तरी चालतो. पेंढ्याच्या अढीत घातला की आठवडाभरात त्याला रंग चढतो, घरभर वास सुटतो. केळ्याचेही तसेच. द्राक्षाला मात्र ही सवलत नाही. घड वेलीवरून कापला त्या वेळी त्याच्यात जेवढी साखर उतरली असेल तेवढीच. पुढे शीतगृहात ठेवा नाहीतर बोटीने रॉटरडॅमला पाठवा, तो आंबटाचा गोड होत नाही. त्यामुळे निफाड, दिंडोरी, चांदवडच्या बागायतदाराला जे काही करायचे ते घड वेलीवर असतानाच करावे लागते. आणि त्यातले बरेचसे काम काहीतरी काढून टाकण्याचेच असते.

सुरुवात मण्यांपासून. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटतात, फुलोरा येतो, मणी धरतात आणि घड इतका गच्च भरतो की बघणाऱ्याला कौतुक वाटावे. बागायतदाराला तीच काळजी असते. सगळे मणी ठेवले तर प्रत्येक जण चेपून लहान राहतो, आतल्या बाजूला हवा पोचत नाही आणि भुरी या बुरशीरोगाला आयते घर मिळते. मग पेठ, सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांच्या टोळ्या बारीक कात्र्या घेऊन वेलीखाली उभ्या राहतात. मान वर, हात वर, दिवसभर. घडाच्या काही पाकळ्या, म्हणजे बाजूच्या फांद्या, आणि मणी छाटून साधारण शंभराच्या आत-बाहेर मणी ठेवले जातात. विरळणी नीट झाली की निर्यातीला लागणारा सोळा-अठरा मिलिमीटरचा मणी मिळायची शक्यता वाढते. पहिल्यांदा बाग लावणाऱ्याचा जीव मात्र जमिनीवरचा हिरवा सडा बघून कासावीस होतो.

घडांचेही तेच. काडीवर दोन घड आले तर बहुधा एक जातो, कारण एक घड पोसायला बारा-पंधरा चांगली पाने लागतात आणि पानांची कमाई मर्यादित असते. घडावर दाट सावली धरणारी पाने आणि बगलफुटी काढतात. पण फार पाने काढली तर उन्हाने मणी भाजतात. हा अंदाज पुस्तकात सापडत नाही, बागेत फिरूनच येतो.

आता ‘जीए’. जिबरेलिक ॲसिड हे नाव उच्चारायला कोणाला वेळ आहे? थॉमसनसारख्या बिनबियांच्या जातीची एक अडचण असते: मण्याच्या वाढीला चालना देणारे संप्रेरक प्रामुख्याने बीमध्ये तयार होते. बीच धड वाढत नाही, म्हणून मणी लहान राहतो. ती उणीव बाहेरून भरून काढायला घड जीएच्या द्रावणात बुडवतात. त्याला सगळेच ‘डिपिंग’ म्हणतात. या द्रव्याचा शोध लागला तो भाताच्या रोगातून. जपानी भातखाचरांत काही रोपे उगाच उंच वाढून कोलमडत. हा उंचावा एका बुरशीने सोडलेल्या द्रव्यामुळे येतो, हे एइची कुरोसावा यांनी 1926 मध्ये दाखवून दिले. भातशेतीतले ते संकट द्राक्षबागेत वरदान ठरले. अर्थात मात्रा चुकली तर देठ जाडजूड होतो, साल राठ होते, गोडी लांबते. फुगलेला, चकचकीत आणि बेचव मणी ग्राहकाने कधी ना कधी खाल्लेलाच असतो.

मण्यात पाणी उतरू लागले, म्हणजे तो मऊ, पारदर्शक दिसू लागला, की खरी कसोटी सुरू होते. नत्र आखडते घ्यायचे, पालाश द्यायचे, आणि काढणी जवळ येईल तसे ठिबकचे पाणी बेताने कमी करायचे. पाणी जास्त झाले तर वजन भरते, पण गोडी पातळ होते. एकदम तोडले तर मणी सुकतो. कोरड्या पडलेल्या बागेवर अचानक पाणी किंवा अवकाळी पाऊस पडला तर मणी तडकतात. एक तडकलेला मणी रसाने शेजाऱ्यांना नासवतो.

त्यातच नाशिकची थंडी. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा घसरला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आकडा येतो आणि बागांत पहाटे शेकोट्या पेटतात. काही जण रात्री ठिबक चालू ठेवतात, कारण विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते. दिवसा ऊन आणि रात्री गारठा असा फरक वाढला की हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा चढते. ‘पिंक बेरी’ चवीला वाईट नसते, पण एकसारखा हिरवा घड मागणारा निर्यातदार ती घेत नाही. त्यावर उपाय रद्दीचा: घडांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळतात.

फवारणी थांबवण्याचा धडा मात्र महाग पडला. वेलीची वाढ आवरून काडीत घड धरावेत म्हणून बागायतदार क्लोरमेक्वॅट क्लोराइड, म्हणजे बोलीतले ‘लिहोसिन’, वापरत. 2010 मध्ये युरोपात पोचलेल्या द्राक्षांत त्याचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि कंटेनर अडकले. हे द्रव्य वेलीत साठून राहते, त्यामुळे उन्हाळ्यातली फवारणी पुढच्या हंगामाच्या मण्यात उतरली होती. कोणत्या प्लॉटमधला माल कोणत्या पेटीत गेला हे शोधणारी ‘ग्रेपनेट’ ही अपेडा या सरकारी शेतमाल निर्यात संस्थेची व्यवस्था 2006 पासून होती. पण तपासायच्या रसायनांच्या यादीत हे नाव नव्हते. त्यानंतर यादी वाढली. पुण्याजवळच्या मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र प्रत्येक औषधाबाबत शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस हवेत हे सांगते. काढणीच्या तोंडावर भुरी दिसली तरी हात आवरावा लागतो, आणि ते सोपे नसते.

शेवटी गोडी मोजायची. घडाचा खांदा आधी पिकतो, टोक मागे राहते. म्हणून वरचा, मधला आणि शेंड्याचा असे मणी घेऊन रस रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकतात. फक्त वरचा मणी चाखून सौदा करणारा व्यापारी एकतर नवखा असतो किंवा घाईत. हंगामाच्या सुरुवातीला दर चढे असतात; त्या मोहात आठ दिवस आधी तोडलेला माल शहरातल्या हातगाडीवर येतो आणि गिऱ्हाईक नाशिकच्या द्राक्षांना नावे ठेवत पुढे जाते. दोष द्राक्षाचा नसतो.

काढणी पहाटे, मणी तापण्याआधी. घड देठाला धरून कापायचा, मण्याला बोट लावायचे नाही. कारण मण्यावर जी पांढुरकी पूड दिसते ते त्याने स्वतःच धरलेले मेण असते. त्यामुळे आतले पाणी उडत नाही. पॅकहाउसमध्ये काम करणाऱ्या बायका ती पुसली जाऊ नये म्हणून हातमोजे घालून, देठ फिरवत, डागाळलेला एखादा मणी कात्रीने काढतात. पेटी बाजारात पोचते आणि औषध असेल या शंकेने गिऱ्हाईक तीच पूड आधी अंगठ्याने पुसून बघते.