मुठेकाठचा जिमखाना आणि अँटवर्पची वाट

१९२० च्या ऑगस्टमध्ये बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा भारतात ऑलिंपिक संघटना अस्तित्वात नव्हती. बहुतेक खेळांचे राष्ट्रीय महासंघ नव्हते, प्रशिक्षण केंद्र नव्हते, सरकारदरबारी खेळाचे खातेही नव्हते. तरीही सहा भारतीय खेळाडू त्या सामन्यांत उतरायला गेले. त्यांची निवड पुण्याच्या मैदानावर झाली आणि त्यांना पाठवण्याचा घाट घातला तो डेक्कन जिमखान्याने आणि जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी. त्याआधी १९०० साली कलकत्त्याचा नॉर्मन प्रिचर्ड पॅरिसला धावला होता आणि त्याने दोन रौप्यपदके मिळवली होती. पण तो एकट्याचा प्रवास होता. भारताचा संघ ऑलिंपिकला गेला तो पहिल्यांदा १९२० मध्ये. भारतीय ऑलिंपिकचा इतिहास सांगताना आपण १९२८ च्या हॉकी सुवर्णपदकापासून सुरुवात करतो. खरी सुरुवात त्याच्या आठ वर्षे आधी, मुठेच्या पलीकडच्या काठावर झाली.

डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ सालची. बाळकृष्ण नारायण भाजेकर हे तिच्यामागचे मुख्य कर्ते. त्या काळी कॅम्पातले क्लब युरोपीय लोकांचे होते. तिथली टेनिस कोर्टे, तिथली हिरवळ, तिथले सायंकाळचे खेळ भारतीयांनी लांबूनच पाहायचे. दुसरीकडे शहरात तालमी होत्या, आखाडे होते, आट्यापाट्या, हुतूतू आणि खो-खो खेळणारी पोरे होती. पण या खेळांना लेखी नियम नव्हते, मोजमाप नव्हते, गावागावांत मेळ नव्हता. जिमखान्याने या दोन्ही गोष्टी एका मैदानावर आणायचे ठरवले. क्रिकेट आणि टेनिस खेळायचे, आणि देशी खेळांनाही तीच शिस्त लावायची. खो-खोचे पहिले नियम पुण्यात जिमखान्याच्या पुढाकाराने १९१४ च्या सुमारास लिहिले गेले. एका गावात शिकलेला खेळ दुसऱ्या गावच्या संघाशी भांडण न होता खेळता यायला हवा, एवढी साधी गरज त्यामागे होती. आज खो-खोची देशभर स्पर्धा होते, तिचा पाया त्या कागदांवर आहे.

अध्यक्षपदी दोराबजी टाटा आले, हा जिमखान्याच्या दृष्टीने मोठा योग ठरला. १८५९ साली जन्मलेल्या दोराबजींनी तरुणपणी केंब्रिजला शिकताना नाना खेळ खेळले होते. मुंबईला परतल्यावर शाळाशाळांमध्ये क्रिकेट आणि मैदानी स्पर्धा सुरू व्हाव्यात म्हणून त्यांनी खटपट केली. पोलादाचा कारखाना, वीज, विज्ञान संस्था या त्यांच्या कामांची जेवढी चर्चा होते, तेवढी या कामाची होत नाही. पुण्याच्या जिमखान्याचे वार्षिक सामने पाहायला ते आले आणि त्यांचे लक्ष धावणाऱ्यांकडे गेले.

पुढे १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष बाये-लातूर यांना लिहिलेल्या पत्रात दोराबजींनी हा प्रसंग सांगितला आहे. जिमखान्याच्या कार्यक्रमातली सगळ्यांत मोठी शर्यत होती सुमारे २५ मैलांची. तिला मॅरेथॉन म्हणत. धावणारे बहुतेक शेतकरी वर्गातले. पायात बूट नाहीत, अंगात धावपटूचा पोशाख नाही, कुणी शास्त्रशुद्ध शिकवलेले नाही. तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या वेळांशी ताडून पाहाव्यात अशा होत्या. मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड एका सामन्याला हजर होते. त्यांच्या संमतीने, ब्रिटिश ऑलिंपिक मंडळींच्या मदतीने भारताला ऑलिंपिकमध्ये उतरण्याची वाट मोकळी करून घेण्यात आली. खर्चाचा मोठा भार दोराबजींनी स्वतः उचलला.

तयारी मात्र किती कच्ची होती, हे सांगणारा एक प्रसंग भारतीय ऑलिंपिकच्या इतिहासकारांनी नोंदवला आहे. ऑलिंपिकला शंभर मीटरची शर्यत किती वेळात धावली जाते, असे विचारल्यावर जिमखान्यातल्या एका जाणत्या सदस्याने एक ते दोन मिनिटे असे उत्तर दिले. त्या काळी जागतिक दर्जाचा धावपटू हे अंतर अकरा सेकंदांच्या आत कापत होता. या उत्तराला हसणे सोपे आहे. पण ज्या देशात धावण्याच्या शर्यतीची वेळ मोजून ती लिहून ठेवण्याची प्रथा अजून रुजली नव्हती, तिथे माणसाला सेकंदाची किंमत कशी कळावी? जगाशी आपली तुलना व्हायची तर आधी जगाची पट्टी हातात घ्यावी लागते, आणि ती पट्टी हातात घेण्याचे काम जिमखान्याने सुरू केले.

पुण्यात चाचणी सामने झाले आणि सहा जणांची निवड झाली. लांब पल्ल्याचे धावपटू बेळगावचे फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि एच. डी. कैकिणी, कमी अंतराच्या शर्यतींसाठी बंगालचे पूर्मा बॅनर्जी, आणि कुस्तीसाठी कुमार नवले व रणधीर शिंदे. सोहराब भूत आणि ए. एच. ए. फैजी व्यवस्थापक म्हणून सोबत. मुंबईहून बोटीने मंडळी आधी इंग्लंडला गेली, तिथे सराव केला आणि मग बेल्जियमला पोहोचली. संघ परदेशात असतानाच १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत लोकमान्य टिळकांचे निधन झाले. त्याच दिवशी गांधीजींच्या असहकाराला सुरुवात झाली. ज्या शहराने हा संघ पाठवला ते शहर शोकात होते, आणि तेरा दिवसांनी त्याच संघाला परक्या सत्तेच्या झेंड्याखाली उद्घाटनाच्या संचलनात चालायचे होते. झेंडा पूर्मा बॅनर्जींच्या हाती होता.

अँटवर्पचे ते सामने युद्धाच्या जखमांवर भरलेले होते. १९१६ चे बर्लिन ऑलिंपिक महायुद्धामुळे रद्द झाले होते. बेल्जियमने जर्मन ताबा सोसला, त्याची दखल म्हणून यजमानपद अँटवर्पला मिळाले. युद्धात हरलेल्या जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया आणि तुर्कस्तान यांना निमंत्रणच नव्हते. तयारीला वेळ तुटपुंजा आणि पैसा त्याहून कमी. जलतरणाच्या शर्यती जुन्या तटबंदीच्या खंदकातल्या गार, काळ्या पाण्यात झाल्या. तरीही एकोणतीस देशांचे सुमारे २,६०० खेळाडू जमले. १४ ऑगस्टच्या उद्घाटन सोहळ्यात पाच वर्तुळांचा ऑलिंपिक ध्वज ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा फडकला. खेळाडूंच्या वतीने शपथ घेण्याची प्रथाही तिथेच सुरू झाली. पहिली शपथ बेल्जियमचा व्हिक्टर बोआँ याने घेतली. युद्धात विषारी वायूने फुप्फुसे जळालेला फ्रान्सचा जोसेफ गिलेमो ५,००० मीटरमध्ये पहिला आला. फिनलंडचा पावो नुर्मी याच सामन्यांत जगापुढे आला आणि १०,००० मीटरमध्ये जिंकला.

२२ ऑगस्टला मॅरेथॉन झाली. दिवस पावसाळी आणि थंड. मार्ग ४२.७५ किलोमीटरचा, म्हणजे ऑलिंपिकच्या इतिहासातली सगळ्यांत लांब मॅरेथॉन. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिला आला. एस्टोनियाचा युरी लोस्मान तेरा सेकंदांच्या आतच त्याच्या मागे होता. दोघांचेही देश नुकतेच स्वतंत्र झालेले. सुरुवातीला निघालेल्या अठ्ठेचाळीसांपैकी पस्तीस जणांनी शर्यत पुरी केली. त्यांत फडेप्पा चौगुले एकोणिसावे होते, वेळ २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद. विजेत्याच्या मागे साधारण अठरा मिनिटे. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही.

या एकोणिसाव्या क्रमांकाकडे नीट पाहायला हवे. चौगुल्यांना घडवले ते दख्खनच्या उन्हातल्या रस्त्यांनी. अँटवर्पला त्यांच्या बरोबरीने धावणाऱ्या अनेकांच्या मागे क्लब होते, शिक्षक होते, वर्षानुवर्षांच्या स्पर्धा होत्या. गार पावसात, अनोळखी रस्त्यावर, तोवरची सगळ्यांत लांब मॅरेथॉन धावून पुरी करणाऱ्यांत ते मधल्या फळीत आले. पहिल्याच खेपेला याहून अधिक काही मागणे अन्यायाचे ठरेल.

पदकाच्या सगळ्यांत जवळ गेले ते रणधीर शिंदे. कुस्ती जाणणाऱ्या वाचकाला त्यांच्यापुढची अडचण सांगायला नको. आपली कुस्ती मातीतली. लाल मातीत पाय रुततो, हात धरायला मातीचा आधार मिळतो, आणि चितपट होईपर्यंत कुस्ती चालते; वेळ जाऊ दे, पण निकाल पाठीनेच लागला पाहिजे. ऑलिंपिकची कुस्ती गादीवरची. तिथे पाय सरकतो, घड्याळ चालू असते, आणि पाठ लागली नाही तर पंच निकाल देतात. मातीवर थकवून पाडण्याचा हिशेब गादीवर चालत नाही. तरीही फेदरवेट गटात शिंद्यांनी ब्रिटनच्या इनमनला हरवले आणि उपांत्य फेरी गाठली. तिथे अमेरिकेच्या सॅम गर्सनकडून ते हरले, आणि कांस्यपदकाच्या कुस्तीत ब्रिटनच्या बर्नार्डकडून. भारताच्या पहिल्या ऑलिंपिक संघातला एक मल्ल चौथा आला. कुमार नवले मिडलवेट गटात पहिल्याच कुस्तीत हरले. बॅनर्जी पहिल्या फेरीपुढे गेले नाहीत.

पदक आले नाही, पण दार उघडले. त्याच वर्षी दोराबजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर पहिले भारतीय सदस्य म्हणून निवडले गेले. पुढच्या वेळी ही निवड एका शहराच्या मैदानापुरती राहून चालणार नव्हती. वायएमसीएच्या हॅरी बक आणि डॉ. नोरेन यांनी प्रांतोप्रांती हिंडून स्पर्धा भरवल्या, १९२४ मध्ये दिल्लीत अखिल भारतीय सामने झाले आणि त्यातून पॅरिसला जाणारा संघ निवडला गेला. १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना रीतसर उभी राहिली. पहिले अध्यक्ष दोराबजी, सचिव नोरेन, सहसचिव गुरुदत्त सोंधी. दुसऱ्या वर्षी अॅम्स्टरडॅमला हॉकीचे सुवर्णपदक आले. दोराबजी १९३२ मध्ये गेले. तोवर १९२० मध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या माणसांनी सुरू केलेले काम देशाच्या संघटनेपर्यंत पोहोचले होते.

महाराष्ट्रातही तो धागा तुटला नाही. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिन ऑलिंपिकला गेले आणि तिथे त्यांनी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. १९५२ मध्ये हेलसिंकीला कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. रणधीर शिंद्यांचा हुकलेला क्रमांक महाराष्ट्राच्याच एका मल्लाने बत्तीस वर्षांनी मिळवला, हे आपण दोन्ही नावे शेजारी ठेवून सांगितले पाहिजे.

आपण ते सांगत नाही, हे खरे दुखणे आहे. दोराबजींचे नाव राहिले, आणि ते राहायलाच हवे. पण ज्यांच्या पायांनी आणि खांद्यांनी ही सुरुवात झाली, त्यांचे काय? परदेशी निकालपत्रांतून आलेल्या याद्यांमध्ये शिंदे हे ‘शिंदेस’ झाले आहेत आणि सदाशिव दातार ‘सदाशिर’. शंभर वर्षांत ही अक्षरेसुद्धा आपण दुरुस्त करून घेतली नाहीत. या सहा जणांची चरित्रे शाळेच्या पुस्तकात नाहीत. ज्या लाखो पुणेकरांच्या तोंडी डेक्कन जिमखान्याचे नाव रोज येते, त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की भारताचा पहिला ऑलिंपिक संघ इथून निघाला.

संस्था मोठी होते ती इमारतीने नव्हे, नोंदींनी. जिमखान्याने खो-खोचे नियम लिहून काढले म्हणून तो खेळ गावाबाहेर गेला. धावपटूंच्या वेळा घड्याळावर आल्या म्हणून ते अँटवर्पला गेले. तोच न्याय आता त्यांच्या आठवणींना लावायला हवा. पुणे, बेळगाव, कोल्हापूर आणि सगळ्या दख्खनमधल्या तालमींनी, क्रीडासंस्थांनी आणि जुन्या घराण्यांनी आपल्या कपाटांतली प्रशस्तिपत्रे, फोटो, जमाखर्चाच्या वह्या, सामन्यांच्या पत्रिका बाहेर काढाव्यात, त्यांच्या प्रती ग्रंथालयांना द्याव्यात. आणि ज्या शाळेत क्रीडादिन साजरा होतो, तिथे निदान एकदा ही सहा नावे वाचून दाखवावीत: फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, एच. डी. कैकिणी, पूर्मा बॅनर्जी, कुमार नवले, रणधीर शिंदे.