वैद्यकीय प्रवेश, लेखांक 5 : ‘जीएमसी लागेल का?’

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करणाऱ्यांचे टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवरचे ग्रुप परीक्षेपूर्वी अभ्यासाचे असतात. एनसीईआरटीच्या जीवशास्त्रातली एखादी ओळ, फिजिक्सचे अडलेले गणित, मॉक टेस्टचे गुण अशी देवाणघेवाण चालते. तिथे मोठा आधार ड्रॉपर मुलामुलींचा. बारावीनंतर वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा देणाऱ्या या मुलांना निगेटिव्ह मार्किंगचा फटका स्वानुभवाने ठाऊक असतो आणि ती तो हातचे न राखता सांगतात.

पेपर होऊन उत्तरतालिका आली की ग्रुपचा सूर पालटतो. नागपुरात प्रश्न येतो तो असा : ‘ओबीसी, मुलगी, 530. जीएमसी लागेल का?’ जीएमसी म्हणजे 1947 मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. ते नाही तर मेयो, म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. या दोन्हींच्या 85 टक्के जागा राज्याच्या कोट्यातून राज्याचा सीईटी सेल भरतो, 15 टक्के अखिल भारतीय कोट्यात जातात. नागपूरच्याच मिहानमधल्या एम्सच्या सगळ्या जागा मात्र देशपातळीवरूनच भरल्या जातात. घराजवळचे कॉलेज असले तरी तिथे विदर्भातल्या मुलांना वेगळा वाटा नाही, हे अनेक पालकांना अशा ग्रुपवरच प्रथम कळते.

530 ला उत्तर देणारे बहुधा मागच्या वर्षीचा कट-ऑफ पुढे करतात, आणि घोळ तिथेच होतो. 2024 मध्ये सुरुवातीच्या निकालात 67 जणांना 720 पैकी 720 गुण होते. 2025 चा पेपर, विशेषतः फिजिक्स, इतका कठीण निघाला की देशातला सर्वोच्च गुण 686 राहिला आणि 650 च्या वर फक्त 73 जण पोहोचले. म्हणजे तेच गुण एका वर्षी मागे टाकतात, दुसऱ्या वर्षी कुठल्या कुठे पुढे नेतात. फार जुने आकडे तर आणखी फसवे. 2020 पर्यंत राज्यात 70:30 चे सूत्र होते आणि विदर्भातल्या 70 टक्के जागा विदर्भातूनच शिकलेल्यांना मिळत. ते रद्द झाल्यापासून नागपूरच्या मुलाची स्पर्धा लातूर-नांदेडच्या मुलांशी थेट होते.

अफवांचा बाजारही इथेच भरतो. पेपर फुटल्याचे दावे करणारी 106 टेलिग्राम आणि 16 इन्स्टाग्राम चॅनेल परीक्षा घेणाऱ्या एनटीएने 2025 च्या परीक्षेआधी शोधून काढली. धास्तावलेली मुले अशा चॅनेलना पैसे देऊन बसतात, ही या ग्रुपांची सर्वांत घातक बाजू.

कॅप राउंड, म्हणजे प्रवेशाच्या फेऱ्या, सुरू झाले की हेच ग्रुप खऱ्या अर्थाने उपयोगी पडतात. मिळालेली जागा कायम ठेवायची तर स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरावा लागतो. तो न भरता पुढच्या फेरीत वरचे कॉलेज लागले की आधीची जागा आपोआप जाते. जात वैधता प्रमाणपत्र, नॉन क्रीमी लेयर, डोमिसाईल यांतले काय कधी लागते, हे नुकतीच प्रवेशप्रक्रिया पार केलेला सीनियर जितके नेमके सांगतो तितके क्वचितच कुणी सांगते. खेड्यातून आलेल्या, घरात कुणी डॉक्टर नसलेल्या मुलांना ही मदत मोलाची आहे.

मागील निवड याद्या सीईटी सेल जाहीर करतो. ग्रुपवर प्रश्न टाकण्यापूर्वी त्या उघडाव्यात आणि गुण नव्हे, रँक जुळवून पाहावी.