अकरा कोटींचा अमरावतीकर

स्टार खेळाडू घ्यायचा की नाही, हे त्याच्या नावावरून नव्हे, संघातल्या रिकाम्या जागेवरून ठरवावं. आयपीएलमध्ये अमरावतीच्या जितेश शर्माला पंजाबने २०२२ मध्ये २० लाखांत घेतलं होतं. २०२४ च्या लिलावात बंगळुरूने त्याच्यासाठी संघबांधणीच्या एकूण १२० कोटींपैकी ११ कोटी मोजले. महागच! पण त्यांचा दिनेश कार्तिक निवृत्त झाल्याने यष्टिरक्षक आणि शेवटच्या षटकांतला फटकेबाज, दोन्ही एकाच माणसात हवे होते. मे २०२५ मध्ये लखनौविरुद्ध २२८ चं लक्ष्य गाठताना त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा कुटल्या.

दोन संघांतल्या खेळाडूंच्या अदलाबदलीत मात्र पैशांबरोबर माणसंही जातात. संजू सॅमसनसाठी चेन्नईने जडेजा आणि सॅम करन, दोघेही दिले. असा सौदा मला तरी महागच वाटतो.