हुलग्याची शेंगोळी : एका पातेल्यातलं विज्ञान

जुन्नर-आंबेगावच्या गावांत थंडीच्या किंवा पावसाच्या दिवसांत संध्याकाळी लसणाच्या फोडणीचा वास दरवळू लागला, की ओळखावं, आज कुणाकडे तरी शेंगोळी आहेत. हुलग्याचं पीठ, लसूण, मिरची, मीठ आणि भरपूर पाणी, एवढ्या सामानात चार माणसांचं पोट भरतं. वेगळी भाजी लागत नाही, आमटी लागत नाही. सोबत बाजरीची भाकरी असली म्हणजे झालं.

मी पहिल्यांदा केलेली शेंगोळी मात्र साफ फसली. पाणी कोमट झाल्याबरोबर मी सगळी एकदम पातेल्यात टाकली. दहा मिनिटांनी झाकण काढलं तर आत पिठलं! शेजारच्या मावशी हसून म्हणाल्या, ‘‘अरे, पाण्याला आधी आधण येऊ दे. मग एकेक सोड, आणि लगेच ढवळू नको.’’ या सूचनांमागे काय विज्ञान आहे, ते आपण क्रमाने पाहू.

पीठ आणि त्याची मळणी

चार माणसांसाठी दोन वाट्या हुलग्याचं पीठ आणि अर्धी वाटी गव्हाचं पीठ घ्यावं. त्यात दहा-बारा लसूणपाकळ्या, जिरं आणि मिरची वाटून घालावी. हळद, मीठ घालून पीठ घट्ट मळावं. मग तळहातावर किंवा पाटावर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या वळ्या करून त्यांची टोकं जुळवावीत.

गव्हाचं पीठ कशासाठी? गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की त्यातल्या प्रथिनांचं चिवट जाळं तयार होतं. त्याला ग्लुटेन म्हणतात. पोळी लाटता येते ती या जाळ्यामुळेच. हुलग्याच्या प्रथिनांना असं जाळं विणता येत नाही, म्हणून नुसत्या हुलग्याची वळी चटकन तुटते. थोडं गव्हाचं पीठ तिला आधार देतं.

लसूण वाटूनच का घालायचा? अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. तिच्यात ॲलिइन नावाचा पदार्थ आणि त्याच्यावर क्रिया करणारं विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाकळी ठेचली की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि उग्र वासाचं ॲलिसिन तयार होतं. अख्खी पाकळी उकळत्या पाण्यात टाकली तर उष्णतेने विकर आधीच निकामी होतं. मग तो ठसका येत नाही.

आधणाचं गूढ

पिठातला मोठा भाग स्टार्चचा असतो. थंड पाण्यात स्टार्चचे कण विरघळत नाहीत. पण तापमान साधारण ६५ ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान पोचलं की ते पाणी शोषून फुगतात आणि चिकट होतात. वळी उकळत्या पाण्यात पडली की तिच्या पृष्ठभागावर हे क्षणात घडतं. तिथली प्रथिनंही घट्ट होतात. वळीवर एक कातडीच तयार होते म्हणा ना! आतलं पीठ त्या कातडीत सुरक्षित राहून सावकाश शिजतं.

कोमट पाण्यात ही कातडी धरत नाही. पाणी आत शिरतं, पिठाचे कण सुटे होतात आणि पाण्यात मिसळतात. पुढे तापमान वाढल्यावर ते फुगतात खरे, पण तोवर वळी मोडलेली असते. माझं पिठलं असंच झालं होतं.

एकेक सोडण्याचं कारणही यातच आहे. दीड लिटर आधणात चारशे ग्रॅमचं थंड पीठ एकदम पडलं, तर पाण्याचं तापमान दहा-बारा अंशांनी उतरतं आणि उकळी थांबते. मग वळ्या तळाशी बसून एकमेकींना चिकटतात. एकेक सोडली तर उकळी टिकते आणि तिच्या हालचालीने वळ्या सुट्या राहतात.

शिजताना थोडा स्टार्च बाहेर झिरपतो आणि रस्सा दाट होतो. मळलेल्या पिठातला एक छोटा गोळा पाण्यात कालवून रश्श्यात सोडतात, तोही याचसाठी. निवल्यावर स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना धरतात. म्हणून रात्रीचा पातळ रस्सा सकाळी घट्ट झालेला दिसतो.

जाडी आणि आच

वळी पेन्सिलीएवढीच का? उष्णता पृष्ठभागाकडून मध्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली तर वेळ सुमारे चौपट लागतो. म्हणजे पेन्सिलीएवढी वळी पंधरा-वीस मिनिटांत शिजत असेल, तर अंगठ्याएवढी तासभर घेईल.

आता इंधनाचं पाहू. जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी १०० ऐवजी साधारण ९८ अंशांनाच उकळतं. एवढ्या फरकाने शेंगोळ्यांचं काही बिघडत नाही, पण उंची खूप वाढली की बिघडतं. १८३५ साली अँडीज पर्वत ओलांडताना चार्ल्स डार्विनच्या सोबत्यांनी बटाटे रात्रभर विस्तवावर ठेवले, तरी ते शिजले नाहीत.

उकळी आल्यावर आच कितीही वाढवली तरी पाण्याचं तापमान वाढत नाही, फक्त वाफ जास्त होते. एक लिटर पाणी २५ अंशांवरून ९८ अंशांवर न्यायला ७३ किलोकॅलरी लागतात. पण नुसत्या पाव लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे १३५ किलोकॅलरी खर्च होतात. म्हणजे उघड्या पातेल्यातून पाव लिटर पाणी आटवलं, तर लिटरभर पाणी तापवण्याच्या जवळजवळ दुप्पट उष्णता हवेत गेली. म्हणून वळ्या सोडून झाल्यावर अर्धं झाकण ठेवावं आणि आच मंद करावी. पूर्ण झाकलं तर स्टार्चचा फेस उतू जातो. सरपणाची मोळी डोक्यावरून आणावी लागते, त्या घरात या अर्ध्या झाकणाची किंमत मोठी आहे.

गरिबांचं खाणं?

हुलगा म्हणजेच कोकणातला कुळीथ. या दोन तालुक्यांत पश्चिमेला घाटमाथ्याकडे भरपूर पाऊस, तिथे भात आणि नाचणी होते. पूर्वेला आण्याच्या पठाराकडे जावं तसा पाऊस कमी होतो आणि बाजरी, मटकी, हुलगा ही पिकं दिसतात. हलकी जमीन आणि थोडं पाणी हुलग्याला पुरतं. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. कुकडी प्रकल्पातल्या येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांचं पाणी जिथे पोचलं, तिथे ऊस, कांदा आणि टोमॅटो आले. हुलगा उरलेल्या माळावर गेला. बैलाघोड्यांचा खुराक म्हणून त्याची ओळख होतीच. त्यामुळे पाहुण्यांना शेंगोळी वाढायला आज काही घरांत संकोच वाटतो.

हा संकोच महाग पडणारा आहे. १०० ग्रॅम हुलग्यात सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात. वर दिलेल्या मापाने प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ५० ग्रॅम हुलग्याचं पीठ, म्हणजे ११ ग्रॅम प्रथिनं येतात. डाळींच्या प्रथिनांत मिथिओनीन हे अमिनो आम्ल कमी आणि लायसीन भरपूर असतं. बाजरीत नेमकं उलट. म्हणून शेंगोळ्यांसोबत भाकरी खाल्ली की एकीची उणीव दुसरी भरून काढते.

लोहाची गोष्ट जरा अवघड आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. आपल्या आठवी-नववीतल्या मुली याच उंबरठ्यावर उभ्या आहेत. १०० ग्रॅम हुलग्यात ७ ते ८ मिलिग्रॅम लोह असतं. पण त्यातल्या फायटेट आणि टॅनिनमुळे शरीराला त्याचा थोडाच अंश मिळतो. क जीवनसत्त्व सोबत असलं तर हे शोषण वाढतं आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर घटतं. क जीवनसत्त्व उकळण्याने नष्ट होत असल्याने लिंबू ताटात पिळावं, पातेल्यात नको. नारायणगावच्या बाजारातला टोमॅटो कच्चा चिरून सोबत खाल्ला तरी चालेल. चहा तासाभराने घ्यावा. मात्र किशोरवयीन मुलीला दिवसाला सुमारे ३० मिलिग्रॅम लोह लागतं. तेव्हा शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी चुकवून चालणार नाही. शेंगोळी तिला मदत करतील, तिची जागा घेणार नाहीत.

वर्गात करून पाहा

१. एकाच जाडीच्या दोन वळ्या करा. एक कोमट पाण्यात टाकून ते पाणी तापवा, दुसरी उकळत्या पाण्यात सोडा. दहा मिनिटांनी तुलना करा.

२. रस्सा गाळून पूर्ण निववा आणि त्यात आयोडिनचा थेंब टाका. निळा-काळा रंग येतो का? तोच रस्सा तापवल्यावर रंगाचं काय होतं?

३. दोन सारख्या पातेल्यांत एक-एक लिटर पाणी घेऊन उकळी आणा. नंतर एक झाकून आणि एक उघडं ठेवून दहा मिनिटं सारख्याच आचेवर ठेवा. उरलेलं पाणी मोजा आणि वाया गेलेल्या उष्णतेचा हिशेब मांडा.

४. मुलांना घरी विचारायला सांगा : हुलगे भाजून दळतात की कच्चे? का?

चौथ्या प्रश्नाची उत्तरं वेगवेगळी येतील. कुणाची आजी सांगेल, भाजल्याने उग्र वास जातो. कुणी सांगेल, कीड लागत नाही. दोन्ही बरोबर आहेत. हुलग्यात प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारे काही घटक असतात, ते भाजण्याने आणि शिजवण्याने बरेच कमी होतात, हे तिसरं कारण आपण त्यात घालू शकतो. पण भाजणी करपली तर लायसीनही घटतं. तेव्हा किती भाजायचं हे मात्र आजीलाच विचारावं लागेल.