बॅगपाइपची पहिली पायरी : सरावाचा चँटर

स्कॉटलंडच्या हायलँड बॅगपाइपचे शिक्षण पिशवीपासून सुरू होत नाही. ते सुरू होते सरावाच्या चँटरपासून, म्हणजे तोंडाने फुंकून वाजवायच्या एका साध्या नळीपासून, जिला पिशवी नसते आणि अखंड आधारसूर देणारे ड्रोनही नसतात.

या नळीला समोर सात आणि मागे अंगठ्यासाठी एक अशी आठ छिद्रे असून त्यांतून नऊ स्वर निघतात. सनईप्रमाणेच तिची जिव्हाळी, म्हणजे रीड, दुपदरी असते. मात्र सनईवादक ती ओठांत धरतो, तर येथे ती टोपणाखाली झाकलेली असते. मूळ बॅगपाइपवर हवा पिशवीतून अखंड येत असल्यामुळे जिभेने स्वर तोडता येत नाही, आणि एकच स्वर दोनदा वाजवायचा असेल तर मध्ये बोटाने क्षणिक अलंकारस्वर, म्हणजे ग्रेसनोट, घ्यावाच लागतो. बॅगपाइपची खरी विद्या याच बोटांत आहे.

प्रौढ शिकाऊने शक्यतो लांब चँटर निवडावा, कारण त्यावरील छिद्रांमधील अंतर मूळ वाद्याच्या जवळ जाते. लहान हातांना आखूड चँटर सोयीचा पडतो. ब्लॅकवुडचे लाकूड देखणे असले तरी ओलाव्याने व हवाबदलाने तडकू शकते, म्हणून चांगल्या प्रतीचे प्लास्टिक अधिक शहाणपणाचे ठरते.

शोभेसाठी बनवलेले स्वस्त शिसवी संच मात्र टाळावेत, कारण बेसूर वाद्यावर कानाला लागलेली सवय पुढे मोडणे फार कठीण जाते. खरेदीपूर्वी चँटर जाणकार वादकाकडून वाजवून घ्यावा.